खिळा ठोकल्यानंतरचे तीन आठवडे

१३ मे, बुधवार

आज खिळा ठोकला.

जिन्याखालच्या लाकडी फळीवर माझ्या आधीच्या सगळ्यांचे प्रबंध रिवाजाप्रमाणे खिळ्याने टांगलेले आहेत, काहींची पानं पार पिवळी पडलीयत. माझ्या प्रतीला भोक आधीच पाडून ठेवलं होतं. सिक्स्टनने हातोडा हातात दिला. पहिला घाव खिळ्यावर बसला, दुसरा अंगठ्यावर. टाळ्या दोन्हींना पडल्या. मग हिरवा केक, मग कॉफी, मग पुन्हा कॉफी.

खिळा ठोकला की प्रबंध आपला राहत नाही. त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही. पाच जूनला जाहीर परीक्षा. ल्युब्ल्यानाहून नुशा झोरमान विरोधक म्हणून येणार आणि चारचौघांत मला दोन तास प्रश्नांनी सोलणार. तोवर काही म्हणजे काही करायचं नाही. इतकं रिकामपण गेल्या पाच वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं नाही.

सिक्स्टन हार्नेस्क, माझा मार्गदर्शक, एरवी बोलायला लागला की थांबवावा लागतो. आज भाषणाला उभा राहिला, चष्मा काढला, "पाचवं प्रकरण वाचा," एवढंच म्हणाला आणि बसला. मिडसमरला, जूनमधल्या सणाला, तो निवृत्त होतोय. नंतर बाजूला घेऊन म्हणाला, "तोरुन, सोळा वर्षं लोक मला हसले. तू त्या सगळ्यांची तोंडं बंद केलीस." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण ते अंगठ्यामुळे असेल.

एस्को मात्र एस्कोच. माझ्या समोरच्या टेबलावर बसतो, दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले सहा 'हं'. सगळे पांगल्यावर जवळ येऊन म्हणाला, "साखळीचे दोन्ही बाहू वेगवेगळे टाकून पाहिलेस?" हे त्याने मला आधीही विचारलंय. म्हटलं, "एस्को, खिळा ठोकून झालाय." "हं," म्हणाला आणि माझी केकची ताटली धुऊन ठेवून निघून गेला. चार वर्षांपूर्वी याने अचानक विषय बदलला, तेव्हापासून याच्या प्रबंधाचं भिजत घोंगडं पडलंय. म्हणून माझ्या आनंदात याची माशी शिंकायलाच हवी.

१५ मे, शुक्रवार

आईचा फोन. प्रबंधाच्या शेवटचा सामान्यांसाठीचा सारांश तिने दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा तिला झोप लागली म्हणे.

"एका दमात सांग," ती म्हणाली. "मी तीस वर्षं बस चालवलीय. दोन थांब्यांच्या मधे कळेल असं सांग."

सांगितलं. एका रांगेत चुंबकाच्या चिमुकल्या सुया. प्रत्येकीचं शेजारणीशी नातं कमीजास्त, कसंही, ताळतंत्र नसलेलं. सुरुवातीला कुठली वर आणि कुठली खाली ते ठरवायचं आणि सोडून द्यायचं. एरवी काय होतं, की कुजबुज इकडून तिकडे पसरते आणि आपण कशा उभ्या होतो ते थोड्या वेळात कुणालाच आठवत नाही. पण नाती फारच वेडीवाकडी असली तर कुजबुज पसरतच नाही. सगळ्या जागच्या जागी थिजतात आणि सुरुवात कायमची लक्षात राहते.

"मग यात भांडण कशाचं?"

"भांडण सममितीचं. साखळी सगळीच्या सगळी कशीही फिरवली तरी तिला काही फरक पडत नाही, अशी असली तर? जग म्हणतं, मग थिजणं टिकत नाही. सममितीमुळे एकेका ऊर्जेवर इतक्या अवस्था दाटीने बसतात की शेवटी कुणीतरी तोंड उघडतंच, आणि साखळी विसरते. सिक्स्टन म्हणतो, टिकतं. मी दाखवलंय की टिकतं."

"म्हणजे सगळं जग चूक आणि तुम्ही दोघं बरोबर."

"हो."

"बरं," आई म्हणाली. "तुझ्या वडिलांचंही रस्त्यांच्या बाबतीत असंच असायचं."

१७ मे, रविवार

नदीकाठच्या हेग्ग झाडांना एका रात्रीत पांढरे तुरे आलेत. ही झाडं फुलली की लायलॅक फुलेपर्यंतचे दिवस आमच्याकडे कामाचे धरतच नाहीत. मी गवतावर पडले आणि संध्याकाळ झाली तरी उजेड काही हलेना. वास इतका गोड की डोकं जड झालं.

डोळा लागला. स्वप्नात गोठलेल्या तळ्यावर बायकांची रांग, एक आकाशाकडे बघतेय, एक बर्फाकडे. मी प्रत्येकीला विचारत चालले होते, तू सुरुवातीला कुठे बघत होतीस? प्रत्येकीचं उत्तर बरोबर होतं. मग एकीने उलट विचारलं, "आणि तू?" मला सांगता येईना. जागी झाले तर कपड्यांवर पाकळ्या, आणि इमारतीच्या धुलाईखोलीतली माझी पाळी हुकलेली. खाली चिठ्ठी, 'यापुढे वेळेचे भान ठेवावे', दोन उद्गारचिन्हं. बहुतेक तिसऱ्या मजल्यावरची.

मी सुखात आहे हे इथे लिहून ठेवते. नंतर खोटं वाटायला नको.

१९ मे, मंगळवार

आजचं लिहून ठेवते. सगळं झालं तसं, ओळीने.

दुपारी कँटीनच्या खिडकीशी बसले होते. खिडकी रस्त्याच्या पातळीवर आहे, समोर बसचा थांबा. वेलदोड्याचा बन खाता खाता डोळे अर्धे मिटले होते. सहज बघते तर थांब्यावर लोक खांद्याला खांदा लावून उभे. एका म्हाताऱ्याची टोपी एका बाईच्या खांद्यावर टेकलीय, दोन पोरी एकमेकींत शिरल्यात. मला गंमत वाटली. आमच्या देशात? इथे माणूस पावसात भिजेल पण अनोळखी माणसाच्या दोन हात जवळ येणार नाही.

मग पलीकडच्या बाजूला बस आली आणि निम्मी माणसं घेऊन गेली. उरलेली उभी होती नेहमीसारखी, दोन दोन हातांवर, जशी मोजून लावलेली. थांबे दोन होते, रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोन्हीकडच्या रांगा आपापल्यात अंतर राखूनच होत्या. मी त्यांची मनात एक रांग केली होती, म्हणून मला ती धक्काबुक्की दिसली.

हसू आलं, आणि ते अर्ध्यावर थांबलं.

कारण पाचव्या प्रकरणात मी दुसरं काही केलेलंच नाही. साखळी विसरते की थिजते हे ऊर्जेच्या पायऱ्यांवरून ओळखतात. विसरणाऱ्या साखळीच्या पायऱ्या एकमेकींपासून अंतर राखतात. थिजलेल्या साखळीच्या पायऱ्यांना एकमेकींची पर्वा नसते, त्या एकमेकींवर चढून बसतात. याचा एक आकडा निघतो. अंतर राखलं तर पॉइंट त्रेपन्न, अजिबात नाही राखलं तर पॉइंट एकोणचाळीस. माझा आला पॉइंट चाळीस. त्या पॉइंट चाळीसवर माझी पदवी आणि सिक्स्टनची सोळा वर्षं उभी आहेत.

पण त्या पायऱ्या एका रांगेतल्या नसल्या तर? फिरवण्याच्या सममितीमुळे ज्या रांगा पडतात त्या मी वेगळ्या काढूनच मोजल्यात, त्यात मी कच्ची नाही. पण साखळीत आणखी एखादी सममिती लपलेली असेल आणि मला तिची खबरच नसेल, तर दोन रांगा एकीत मिसळून मी म्हणतेय, बघा बघा, यांना एकमेकांची पर्वा नाही.

बन अर्धा राहिला.

२० मे, बुधवार

घोडं कुठे पेंड खात होतं ते सापडलं.

आमच्या गटात साखळी बांधायचा प्रोग्राम एकच, सगळे तोच वापरतात. तो साखळी मधोमध सुरू करतो आणि दोन्हीकडे एकेक बाहू वाढवत नेतो. बाहूतली वेडीवाकडी नाती मशीन स्वतः फासे टाकून ठरवतं, पण त्या फाशांना सुरुवातीला एक बी, म्हणजे एक आकडा, द्यावं लागतं. एकच बी दिलं की तेच दान तसंच्या तसं परत पडतं. दोन्ही बाहूंना बी एकच दिलंय.

म्हणजे डावा बाहू हे उजव्याचं आरशातलं रूप. वेडेवाकडेपणा अगदी खरा, पण दोन्हीकडे तोच. पाच वर्षांत हजारो साखळ्या बांधल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एक आरसा उभा होता.

ती ओळ मी लिहिलेली नाही. शेजारी लिहिलंय: सि. हा., ऑगस्ट २०१०.

एस्को बाहू बाहू म्हणत होता तो हेच. त्याने हवेत मारलेला बाण लागला, असं दिसतंय.

२३ मे, शनिवार

आरशाच्या दोन रांगा वेगळ्या काढून जुनं सगळं पुन्हा मोजलं. शिवाय दोन्ही बाहूंना वेगवेगळं बी देऊन नव्या साखळ्या बांधल्या. नशीब जोरावर म्हणायचं, मोठ्या मशीनवर या आठवड्यात रांग रिकामी मिळाली. एस्कोची बारा कामं सोमवारपासून तिथे अडून होती, ती गुरुवारी दिसली नाहीत. बहुतेक संपली असावीत. त्याला विचारलं तर म्हणाला, "हं."

सोळा सुयांना पॉइंट शेचाळीस. अठराला अठ्ठेचाळीस. वीसला पन्नास.

आकडा चढतोय. साखळी विसरतेय.

उद्या सिक्स्टनकडे जाते.

२४ मे, रविवार

सिक्स्टन त्याच्या बागेच्या तुकड्यावर होता, गुडघ्यावर बसून शेंगांच्या वेलांसाठी काठ्या रोवत. मला बघून इतका खूश झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"सिक्स्टन, एक सांगायचंय."

"आधी दोरी धर."

दोरी धरूनच सगळं सांगितलं. थांबा, आरसा, एकच बी. कुणी लिहिलं ते बोलले नाही. तो गाठ मारत होता. मारली, सोडली, पुन्हा मारली.

"वीस सुयांना किती म्हणालीस?"

"पन्नास."

"पन्नास म्हणजे त्रेपन्न नव्हे."

"पण चढतोय."

"वीस सुया म्हणजे काय गं? समुद्रातून चमचाभर पाणी. त्यावरून ना हसणाऱ्यांना काही कळलंय, ना तुला."

"पण आपल्याला कळलं असं मी लिहिलंय, सिक्स्टन. छापून खिळ्याला टांगलंय."

त्याने पुढची काठी रोवली. मग हळू आवाजात म्हणाला, "बारा दिवस राहिलेत. परीक्षा होऊ दे. मिडसमर होऊ दे. मग शरदात एक छोटा लेख लिही, तुझ्या एकटीच्या नावावर. कुणाचं काही बिघडत नाही."

"आणि नुशाने विचारलं तर?"

"नुशा प्रोग्राम उघडून बघणार नाही. आजवर कुणी बघितला नाही. एकट्या त्या उत्तरेकडच्या पोराने विचारलं होतं, आणि त्याला मी..." एवढं बोलून तो पाणी आणायला गेला. कुठलं पोर, कसलं पोर, मी विचारलं नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

झारी घेऊन परत आला तेव्हा म्हणाला, "मला फक्त एकदा बघायचं होतं. पहिल्या रांगेत बसून. लोक ऐकतायत आणि हसत नाहीयेत."

मी म्हटलं, मला जमणार नाही. तो म्हणाला, "विचार कर." निघताना सवयीने रुबार्बच्या आंबट देठांची जुडी हातात दिली. सायकलवर पूर्ण रस्ताभर रडले. रुबार्ब मला आवडतसुद्धा नाही.

२७ मे, बुधवार

सिक्स्टन विभागात येत नाही.

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटायला लागलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. वीस सुयांवर कुणालाच खात्री नाही, हे खोटं थोडंच आहे? मी काही खोटं बोलणार नाही, फक्त एक खरं तीन महिने उशिरा बोलीन. आणि बोलले तर? पाचवं प्रकरण गेलं की उरतात चार, त्यातली दोन लंगड्या घोड्यासारखी. परीक्षक पदवी नाकारतील. पाच वर्षं. आईला काय सांगू?

दुपारभर पडून छताकडे बघत राहिले. उजेड छतावरून सावकाश सरकतो आणि मावळायचं नाव घेत नाही. या दिवसांत ठरवायला सोयीचा असा अंधारच नसतो.

३१ मे, रविवार, मातृदिन

आईला फोन केला. शुभेच्छा दिल्या आणि तिसऱ्या वाक्याला रडू फुटलं, सगळं सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नव्वद साली काय झालं सांगू? धुकं होतं. वळण चुकले आणि बस जंगलाच्या रस्त्याला घातली. अकरा किलोमीटर गेले. गाडीत चाळीस माणसं, सगळी रोजची. प्रत्येकाला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. एकसुद्धा बोलला नाही. शेवटी लाकडाचा ढीग समोर आला तेव्हा थांबले."

"का बोलले नाहीत?"

"मला वाईट वाटू नये म्हणून. मी नवीन होते ना." पुढे म्हणाली, "तोरुन, वळण चुकल्याचं मला कधीच काही वाटलं नाही. पण त्या चाळीसांचा राग अजून येतो."

२ जून, मंगळवार

दुरुस्तीची चिठ्ठी छापली. नव्वद प्रती. खिळा ठोकल्यावर अक्षर बदलता येत नाही, पण आत सुटा कागद घालता येतो. लोक त्यात उलटं पडलेलं चिन्ह किंवा चुकलेला पानक्रमांक देतात. मी दिलंय: 'पाचव्या प्रकरणाचा निष्कर्ष मागे घेत आहे. साखळीचे दोन बाहू नकळत एकमेकांचे प्रतिबिंब झाले होते. ही सममिती वेगळी न काढल्यामुळे साखळी थिजल्याचा भास झाला. नव्या मोजणीनुसार ती सावकाश विसरते. चूक लेखिकेची.'

नुशा झोरमानना एक प्रत ईमेलने पाठवली. उत्तर आलं: 'मिळाली. पाचला भेटू.' यावरून ताकास तूर लागत नाही. सिक्स्टनलाही पाठवली. त्याचं उत्तर नाही.

एस्को न सांगता शेजारी येऊन बसला आणि पुस्तकांत चिठ्ठ्या घालायला लागला. तिसाव्या पुस्तकाला त्याने चिठ्ठी वाचली.

"लेखिकेची?"

"मी तपासलं नाही, म्हणजे माझीच."

"हं." पस्तिसाव्या पुस्तकाला म्हणाला, "मी सिक्स्टनला विचारलं होतं. चार वर्षांपूर्वी."

माझा हात जागीच थांबला. "मग?"

"मग मला दुसरा विषय मिळाला."

 सिक्स्टनचं ते उत्तरेकडचं पोर म्हणजे हाच! तीन वर्षं मी याला आळशी म्हणत आलेय, मत्सरी म्हणत आलेय, याच वहीत. "आणि मला का नाही सांगितलंस?"

"विचारलं. तीनदा."

"असं विचारतात? खांदे धरून गदागदा हलवायचं होतंस ना!"

"तू खूप आनंदात होतीस," एस्को म्हणाला आणि पुढचं पुस्तक उघडलं.

हे काय उत्तर झालं? माणूस आनंदात असला म्हणून त्याला सांगायचं नाही? मी त्याच्यावर जाम चिडले आहे. आणि कशामुळे कोण जाणे, आठवड्यात पहिल्यांदा मला भूक लागली. त्याने डब्यातून धुरावलेला मासा आणि कडक पाव काढला, दोन माणसांना पुरेल एवढा. त्याचा डबा नेहमी असाच असतो, एवढं तो एकटा कधी खातो कोण जाणे.

५ जून, शुक्रवार

झालं.

सभागृहात साठेक माणसं. आई सहा तास गाडीत बसून आली, बसच्या ड्रायव्हरला दोन सूचना देऊन. नुशा झोरमान ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, समोर कागदांची चळत. तीन परीक्षक. एस्को शेवटच्या रांगेत. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी होती. दहाला एक मिनिट कमी असताना सिक्स्टन आला आणि तिथे बसला. कोट घातला होता. माझ्याकडे बघितलं नाही.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "प्रबंधात काही दुरुस्त्या आहेत?"

याला सगळे "पान चाळीसवर एक उणे चिन्ह राहिलंय" असं उत्तर देतात आणि लोक हसतात. मी उभी राहिले आणि चिठ्ठी वाचली. आवाज माझा वाटत नव्हता. 'निष्कर्ष मागे घेत आहे' म्हटल्यावर मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. 'चूक लेखिकेची' म्हणून मी बसणार, तेवढ्यात सिक्स्टन उठला.

मार्गदर्शकाने या सभेत ब्र काढायचा नसतो. अध्यक्ष गडबडले. "सिक्स्टन, प्रश्न शेवटी घ्यायचे आहेत, तू..."

"प्रश्न नाही. दुरुस्तीतली एक दुरुस्ती आहे." त्याने खुर्चीची पाठ धरली होती. "शेवटचे दोन शब्द चुकलेत. ती ओळ माझी आहे. मी लिहिली, ऑगस्ट दोन हजार दहामध्ये, आणि सोळा वर्षं तिच्या जिवावर तुम्हा सगळ्यांशी भांडलो. या पोरीने ती शोधली. मी तिला गप्प बस म्हटलं, तरी तिने सांगितलं. हे नोंदवून घ्या."

आणि बसला. कुणी हसलं नाही.

 तिथे, त्या क्षणी, मला हा माणूस वडिलांइतका आवडला. 

नुशा झोरमाननी चष्मा पुसला. "माझे चाळीस प्रश्न होते," त्या म्हणाल्या. "छत्तीस पाचव्या प्रकरणावर. पायऱ्या बघून मला शंका आली होती, कारण सापडत नव्हतं. आता दोन तास आपण काय करायचं?" सभागृह हसलं, मीही हसले. मग त्यांनी मला खरोखर सोललं. मशीन बंद ठेवून, फळ्यावर, खडूने. सममिती असली तर अवस्थांची दाटी होते ती कशी, कुजबुज नेमकी कुठून सुटते, आणि सुटल्यावर इतकी सावकाश का जाते. शेवटी विचारलं, "तर मग तुमच्या मते साखळी विसरते?"

"सममिती तिला विसरायला लावते," मी म्हटलं. "नात्यांतली अव्यवस्था तिला घाई करू देत नाही. ती किती सावकाश विसरते, हे मला माहीत नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या आणि कागद मिटले.

परीक्षक तासभर आत होते. बाहेर आले तेव्हा त्यातल्या उंच बाईंनी आधी माझा हात हातात घेतला, मग निकाल सांगितला. उत्तीर्ण.

६ जून, शनिवार

डोकं दुखतंय. काल नदीवरच्या होडीघरात जेवण झालं. आई सिक्स्टनबरोबर नाचली, आणि वळणावर त्याला हाताने दिशा दाखवत होती. एस्को नाचला नाही, माझा कोट धरून उभा होता.

"हा तुझा एस्को?" आईने विचारलं.

"माझा नाही. समोरच्या टेबलावरचा."

"बरं," आई म्हणाली. चुकीचा पास दाखवणाऱ्या प्रवाशाला ती असंच 'बरं' म्हणायची.

८ जून, सोमवार

टेबल रिकामं करायला गेले. एस्को आलेला होता. मी खोकं भरत होते, तो पडद्याकडे बघत होता, पण एकही कळ दाबत नव्हता.

दहाच्या सुमारास सिक्स्टन दारात आला. आत यायला त्याने परवानगी विचारली, जी त्याने आजवर कधी विचारली नव्हती. कोपऱ्यातलं स्टूल ओढून एस्कोच्या टेबलाशी बसला. स्टूल बुटकं असल्यामुळे त्याला एस्कोकडे मान वर करून बघावं लागत होतं.

"एस्को, चार वर्षांपूर्वी तू माझ्या दारात उभा राहून काहीतरी सांगत होतास. मी मधेच तोडलं. कुठपर्यंत आला होतास?"

एस्कोने विचार केला. "दुसऱ्या वाक्यापर्यंत."

"मग तिसरं सांग."

एस्को पावणेदोन तास बोलला. सिक्स्टनने एकदाही मधे तोडलं नाही.